शेंगेन व्हिसाची फाइल: युरोपला पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

मे महिन्यात युरोपला जायचं असेल, तर दिवाळीचा फराळ संपला की घरातले सगळे पासपोर्ट कपाटातून काढून टेबलावर मांडा. तिकिटं, हॉटेलं, स्वेटर हे सगळं नंतर. मी कोल्हापुरात व्हिसाच्या फायली तयार करून देते. माझ्याकडे येणारी बरीचशी माणसं पहिल्यांदाच परदेशी निघालेली असतात. शिरोळचे ऊसवाले, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, गडहिंग्लजचे निवृत्त शिक्षक, आणि मुलगा किंवा मुलगी जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे असे आईवडील. पैसा असतो, हेतू स्वच्छ असतो, तरीही फाइल अडते. कारण व्हिसाचा निर्णय घेणारा अधिकारी तुम्हाला बहुतेक वेळा बघतच नाही. त्याला तुमचे कागद दिसतात. तुमचं घर, शेत, नोकरी, परत येण्याची ओढ, सगळं त्या कागदांतूनच त्याला कळायला हवं. म्हणून मी आधी नावं जुळवते, मग पैसे, आणि सगळ्यात शेवटी प्रवास.

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे २९ देश. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. लंडनचा तर व्हिसाच वेगळा. पॅरिस बघून दोन दिवस लंडनला आणि परत ॲमस्टरडॅमला असा बेत असेल, तर शेंगेनमध्ये दोनदा शिरावं लागणार. तेव्हा अर्जात एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश मागायला विसरू नका.

पासपोर्ट हातात घेतला की तीन गोष्टी बघा. शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर तो किमान ३ महिने वैध राहायला हवा, गेल्या १० वर्षांत दिलेला असायला हवा, आणि निदान दोन पानं कोरी हवीत. मुदत काठावर असेल तर नवीनच करून घ्या. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे, तात्काळसाठी आणखी २,००० लागतात. पण पोलीस पडताळणीला किती दिवस जातील हे आपल्या हातात नसतं, म्हणून तर दिवाळीपासून सुरुवात करा म्हणते.

आता नावं. इथे सावकाश वाचा.

भारतीय पासपोर्टवर नावाच्या दोन जागा असतात, गिव्हन नेम आणि सरनेम. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आपण मधे लावतो, त्याला वेगळी जागा नाही. त्यामुळे कुणाच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये ‘सुनंदा वसंत’ असतं, कुणाच्या नुसतं ‘सुनंदा’. दोन्ही चालतं. पण त्याच बाईंच्या पासबुकावर ‘पाटील सुनंदा वसंतराव’, आधारवर ‘सुनंदा वसंत पाटील’ आणि सातबाऱ्यावर ‘सुनंदाबाई वसंतराव पाटील’ लिहिलेलं असतं. आपल्याला ही एकच बाई हे सांगावं लागत नाही, परदेशी अधिकाऱ्याला सांगावं लागतं. विमानाचं तिकीट, विमा, हॉटेल आणि व्हिसाचा अर्ज, या चारही ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने हवं. बाकीच्या कागदांवर नाव थोडं वेगळं असेल तर ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जोडा. तिकिटावर ‘सुनंदावसंत’ असं मधली जागा न सोडता छापून आलं की लोक घाबरून फोन करतात. घाबरायचं कारण नाही, विमान कंपन्यांच्या यंत्रणेत नाव तसंच उमटतं. अक्षरं तेवढी तपासा.

काही जुन्या पासपोर्टवर सरनेमची जागा रिकामी असते आणि पूर्ण नाव गिव्हन नेमच्या ओळीत कोंबलेलं असतं. असा पासपोर्ट दिसला की मी आधी तो दुरुस्त करून घ्यायला सांगते. अर्ज, तिकीट, विमा, प्रत्येक ठिकाणी त्या रिकाम्या जागेपाशी अडायला होतं.

नवीन लग्न झालेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. हनिमूनला निघताना मुलीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तो तसाच राहू द्या. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं असा नियम नाही. माहेरच्या नावाने अर्ज करा, त्याच नावाने तिकीट काढा, अर्ज लग्नानंतर करत असाल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडा. लग्न आणि प्रवास यांच्यात महिनाभराचं अंतर असताना नाव बदलायच्या मागे लागलात, तर आधार एका नावाचं, बँक दुसऱ्या नावाची, आणि पासपोर्ट पोलीस ठाण्यात पडताळणीला अडकलेला, अशी गत होते. दुसरं मेंदीचं. व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे द्यायला जाताना बोटांच्या टोकांवर मेंदी असेल तर यंत्र ठसा नीट घेत नाही. म्हणून ठशांची तारीख लग्नाआधीची घ्या, नाहीतर मेंदी पुरती उतरल्यावरची.

नावं जुळली की अर्ज कोणत्या देशाकडे करायचा ते ठरवा. जिथे जास्तीत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे. समजा स्वित्झर्लंडमध्ये चार रात्री, इटलीत तीन आणि पॅरिसमध्ये दोन, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे, मग विमान पॅरिसला उतरत असलं तरी. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तो देश. ‘अमक्या देशाचा व्हिसा सहज मिळतो’ असं ऐकून तिथली खोटी हॉटेलं दाखवू नका. कागदावरचा प्रवास आणि खरा प्रवास वेगळा निघाला तर सीमेवर जाब द्यावा लागतो.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, चौकशी निघाली तर ४५ पर्यंत. पण खरी अडचण कागद आणि ठसे द्यायच्या अपॉइंटमेंटची असते. मार्च-एप्रिलमध्ये सुट्टीवाल्यांची झुंबड उडते. मेच्या प्रवासासाठी जानेवारी-फेब्रुवारीत ठसे देऊन मोकळे व्हा. बऱ्याच देशांची केंद्रं व्हीएफएस या खासगी कंपनीकडे आहेत, स्पेनची बीएलएस या दुसऱ्या कंपनीकडे. ही केंद्रं कागद गोळा करतात, होय-नाही दूतावास ठरवतो. त्यामुळे ‘आमची आत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही.

पैशाच्या कागदांत नोकरदारांचं काम सोपं असतं. पगाराच्या स्लिपा, रजा मंजूर केल्याचं कंपनीचं पत्र, तीन वर्षांचं आयकर विवरण, आणि बँकेचा शिक्का-सही असलेलं खातेउताऱ्याचं स्टेटमेंट. काही देश तीन महिन्यांचं मागतात, काही सहा. निवृत्तांनी पेन्शनचा आदेश आणि मुदत ठेवींच्या पावत्या जोडाव्यात.

शेतकऱ्यांची फाइल मात्र मन लावून बांधावी लागते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे कित्येकांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. वर्षभर खातं शांत असतं आणि जानेवारीत कारखान्याच्या ऊसबिलाचे काही लाख एकदम जमा होतात. आपल्याला ते नेहमीचं. पण युरोपातल्या अधिकाऱ्याला वाटतं, व्हिसासाठी कुणाकडून तरी उसने आणून भरले. म्हणून त्या जमेच्या ओळीवर पेन्सिलीने बारीक खूण करा आणि कारखान्याचं बिल तिच्या लगेच मागे लावा. सातबारा, आठ-अ, दूध संस्थेची बिलं, बाजार समितीतल्या आडत्याच्या पट्ट्या, जे खरोखर आहे ते सगळं द्या. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि मूळ प्रतीमागेच टाचा. पतसंस्थेतल्या ठेवीची पावतीही जोडा, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेतलं वर्षभर चालतं खातं जास्त बोलतं. पुढच्या वर्षी जायचा विचार असेल, तर कर बसत नसला तरी या वर्षापासून विवरणपत्र भरायला लागा.

अर्जाच्या चार दिवस आधी खात्यात मोठी रक्कम भरून ठेवायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. तो ऐकू नका. शिल्लक किती आहे त्यापेक्षा ती कुठून आली हे जास्त बारकाईने बघतात. अंदाज म्हणून सांगते, स्वित्झर्लंडच्या नियमात स्वखर्चाने येणाऱ्या पर्यटकाकडे दिवसाला साधारण १०० फ्रँक असावेत असं धरलेलं आहे. राहण्या-फिरण्याचा खर्च आधीच भरला असेल तर त्याच्या पावत्या लावा.

सोबत एक पत्र लागतं, आपण कोण आणि कशाला जातोय हे सांगणारं. बाजारात मिळणारा छापील नमुना उतरवू नका. साधं लिहा: ‘माझी अमुक एकर शेती आहे, ऊस आणि सोयाबीन घेतो. पत्नीसोबत अकरा दिवस स्वित्झर्लंड आणि इटली बघायला जातोय. शेती मोठा मुलगा बघेल. जूनच्या पेरणीआधी परत यायचंय.’ पेरणीची ही एक ओळ दहा शिक्क्यांपेक्षा मोलाची आहे, कारण ती खरी आहे आणि परत येण्याचं कारण सांगते. त्यामागे तारीखवार कुठे मुक्काम, कुठली रेल्वे, याचा एक पानी तक्ता जोडा. पत्रातल्या, तक्त्यातल्या, हॉटेलांच्या आणि विम्याच्या तारखा एकमेकींशी जुळतात का ते घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. तिकिटाचं आरक्षण दाखवावं लागतं, पण परतावा मिळणार नाही असं तिकीट व्हिसा हातात पडेपर्यंत काढू नका.

खोटा कागद एकही नको. नकाराची नोंद व्हिसाच्या सामायिक माहितीकोशात पाच वर्षांपर्यंत राहते आणि सगळ्या शेंगेन देशांना दिसते. नकार आलाच तर सोबत छापील कारणांवर खूण केलेला कागद मिळतो. तो फाडून टाकू नका. अपील करायचं की कागद सुधारून नव्याने अर्ज करायचा, हे त्या खुणेवरून ठरतं.

मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी तिकडूनही एक कागद यावा लागतो. मुलगा जर्मनीत असेल आणि खर्च तो करणार असेल, तर त्याने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून हमीपत्र काढायचं. त्याला फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. मूळ प्रत कुरियरने मागवा, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. फ्रान्समध्ये हा कागद नगरपालिकेतून मिळतो. नेदरलँड्समध्ये ठरलेला फॉर्म भरून त्यावरची सही तिथल्या नगरपालिकेकडून साक्षांकित करून घ्यावी लागते. तिथे अपॉइंटमेंट मिळायलाही वेळ लागतो, म्हणून मुलांना दोन महिने आधी कामाला लावा.

याच आईवडिलांसाठी दिवसांचा हिशेब. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. १ मार्चला पोचून ३१ मेला निघालात तर ९२ दिवस होतात, कारण पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही मोजतात. नातवंडांच्या पायी आणखी दोन दिवस राहिलं तर काय बिघडतं, असं वाटतं. बिघडतं. दंड होऊ शकतो आणि पुढचा व्हिसा अवघड होतो.

विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. व्हिसापुरता तो स्वस्तात मिळतो. पण बीपी, मधुमेह किंवा जुना हृदयविकार असेल तर स्वस्त पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराचा खर्च बहुधा धरलेला नसतो. साठीच्या पुढच्यांसाठी हे कलम मी स्वतः वाचून दाखवते. जास्तीचे पैसे द्यायला मागेपुढे बघू नका, तिकडे दवाखान्यातली एक रात्रही परवडणारी नसते. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला जाणार असाल तर ते स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत, आणि औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी सोबत.

ठसे द्यायला जाताना फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, गेल्या सहा महिन्यांतला, फिक्या पार्श्वभूमीवरचा न्या. शेतात राबलेल्या आणि भांडी घासून झिजलेल्या बोटांचे ठसे उमटायला वेळ लागतो. आठवडाभर रात्री बोटांना खोबरेल तेल चोळा, सकाळी धुऊन कोरडी ठेवा, आणि केंद्रात यंत्र पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं तरी गडबडून जाऊ नका. एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. १२ वर्षांखालच्या मुलांना ठसे द्यावे लागत नाहीत.

पासपोर्ट परत आला की पेढे वाटण्याआधी व्हिसाचं स्टिकर उजेडात धरून वाचा. नाव आणि पासपोर्ट नंबर आधी. मग फ्रॉम आणि अंटिल या दोन तारखा. त्यांच्या मधला काळ तुमच्या प्रवासापेक्षा मोठा दिसेल, पण तेवढे दिवस राहता येतं असं नाही. ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ समोर जो आकडा आहे तेवढेच दिवस राहता येतं. तारखांत पस्तीस दिवस आणि आकडा वीस असेल, तर वीसच. मग प्रवेशांची संख्या: एक लिहिलंय की मल्ट, म्हणजे अनेक वेळा. चूक दिसली तर त्याच दिवशी केंद्राला कळवा.

आता बॅग. युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ घेऊन जायला बंदी आहे. खवा, पेढे, चक्का, घरचं तूप, कोल्हापुरी सुक्या मटणाचा डबा, सगळं घरी ठेवा. मुलीसाठी आईने कढवलेलं तूप कस्टमवाल्यांनी कचऱ्यात टाकलं तर किती जिवाला लागतं, म्हणून आधीच सांगते. हापूस आंबाही नेता येत नाही, त्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ताजा कढीपत्ता आणि तुळशीचं रोपही नको. ज्या फळांना या प्रमाणपत्राची सूट आहे ती पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन. म्हणजे आंबा नाही, पण केळी चालतात. आणि कोकणातल्या माझ्या गिऱ्हाइकांना ऐकून आश्चर्य वाटतं, पण सुकी मासळी २० किलोपर्यंत नेता येते. तेवढी घट्ट बांधा, विमानातल्या बाकीच्यांचाही विचार हवा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, चकल्या खुशाल न्या. लोणचं मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ते अडवतात. पॉवरबँक याच्या उलट, ती हातातल्या बॅगेतच हवी.

रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतं, बाकीचं फॉरेक्स कार्डवर भरा. स्वित्झर्लंडचा सॉकेट वेगळा असतो, आपली तीन जाड पायांची पिन तिथे बसत नाही. मदतीचा नंबर ११२, तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला.

व्हिसा म्हणजे प्रवेशाची खात्री नव्हे. तिथे उतरल्यावर सीमेवरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो. म्हणून परतीचं तिकीट, हॉटेलांची कागदं, विमा आणि मुलाचा पत्ता-फोन छापून हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही. किती दिवस, कुठे राहणार, कशाला आलात, एवढंच विचारतात. इंग्रजी येत नसेल तर कागद पुढे करा आणि मुलाचा नंबर दाखवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ईईएस नावाची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी येण्याजाण्याची नोंद संगणकात होते आणि तिथेच चेहऱ्याचा फोटो काढतात. त्यासाठी आधी अर्ज करावा लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. तसंच ईटीआयएएस नावाची परवानगी फक्त ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या लोकांसाठी आहे. तुम्हाला व्हिसा लागतो, म्हणून ती लागत नाही. तिच्या नावाने कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

परत आल्यावर बोर्डिंग पास, हॉटेलची बिलं आणि अर्जाची पूर्ण प्रत एका पाकिटात घालून ठेवा, आणि पासपोर्ट बदलला तरी जुना जपून ठेवा. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नियमाने वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक वेळा ये-जा करता येणारा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. अर्थात पासपोर्टची तेवढी मुदत शिल्लक असेल तर. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी दुसऱ्या अर्जाच्या वेळी हे पाकीट घेऊनच यावं.